गोवर सरासरी पाहत नाही

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये करोनाची भीती ओसरली होती आणि मुंबईत दिवाळी नुकतीच साजरी झाली होती. त्याच आठवड्यात गोवंडीतल्या एका वस्तीत एकाच कुटुंबातली तीन मुले दोन दिवसांच्या आत दगावली. आधी ताप, मग अंगावर पुरळ, मग दम लागणे. महापालिकेची पथके घरोघर फिरू लागली तेव्हा तापाची आणि पुरळाची मुले गल्लोगल्ली सापडू लागली. नमुने तपासणीसाठी गेले आणि उत्तर आले, गोवर. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचे पथक मुंबईत दाखल झाले. पुढच्या काही आठवड्यांत भिवंडी, मालेगाव अशा दाट वस्तीच्या शहरांतूनही रुग्ण आढळले आणि राज्य सरकारला गोवरासाठी स्वतंत्र कृतिदल नेमावे लागले.

गोवराची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून आहे आणि ती सरकारी केंद्रांवर मोफत मिळते. ती जगाला मोठ्या प्रमाणावर पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून पुण्यात आहे. भारतातले पहिले लसीकरणही मुंबईतच झाले. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस भायखळ्याला तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. लसींचा इतका जुना आणि जवळचा वारसा असलेल्या शहरात २०२२ साली मुले गोवराने जातात, तेव्हा लसीचा तुटवडा हे त्याचे कारण असू शकत नाही. लस कारखान्यात होती, शीतगृहात होती, बऱ्याचदा जवळच्या आरोग्य केंद्रातही होती. तिथून बाळाच्या दंडापर्यंतचे शेवटचे अंतर कापायचे राहिले होते. ते अंतर कसे कापले जाते आणि कुठे तुटते, हे समजून घेतल्याशिवाय बालपणीच्या साथरोगांचे नियंत्रण समजत नाही.

विषाणूचा स्वभाव

माणसाला होणाऱ्या संसर्गांपैकी गोवर हा सर्वांत वेगाने पसरणाऱ्यांतला एक आहे. रुग्ण खोकला किंवा शिंकला की विषाणू हवेत तरंगत राहतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेतून दुसऱ्याला लागण होऊ शकते. ज्याला लस मिळालेली नाही आणि पूर्वी गोवर झालेला नाही, असा माणूस रुग्णाच्या निकट आला तर दहांपैकी नऊ वेळा त्याला आजार होतोच. ज्या समाजात कोणालाच प्रतिकारशक्ती नाही, तिथे एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना आजार देतो.

त्यातली खरी अडचण वेळेची आहे. लागण झाल्यापासून साधारण दहा ते चौदा दिवसांनी त्रास सुरू होतो. आधी ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे. कोणत्याही घरात ही सर्दीच वाटेल. तीन-चार दिवसांनी कानामागून आणि कपाळावरून लालसर पुरळ उमटते आणि खाली पसरते. आता घरच्यांना गोवराची शंका येते, पण पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून ते मूल विषाणू पसरवत असते. म्हणजे आजार ओळखून मुलाला वेगळे ठेवेपर्यंत अंगणवाडीत, शेजारच्या खोलीत, दवाखान्याच्या बाकावर तो पोहोचलेला असतो. केवळ रुग्णाला वेगळे ठेवून गोवर थांबत नाही, याचे हेच कारण आहे. तो येण्याआधीच त्याची वाट बंद करावी लागते.

आपल्याकडे गोवर हा बाळपणी येऊन जाणारा साधा आजार मानला गेला. बहुतेक मुले बरी होतात हे खरे, पण जी दगावतात ती पुरळाने नव्हे, तर त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि अतिसाराने. मूल कुपोषित असेल, शरीरात जीवनसत्त्व अ कमी असेल, तर धोका कित्येक पट वाढतो. डोळ्यांवर परिणाम होऊन दृष्टी जाऊ शकते. क्वचित मेंदूला सूज येते.

याहून खोलवरचे नुकसान अलीकडे नीट कळले आहे. गोवराचा विषाणू शरीराची रोगप्रतिकाराची स्मृती पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर जंतूंविरुद्ध मुलांनी आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीसे झाल्याचे त्यात दिसले. गोवरातून उठलेले मूल पुढे कितीतरी महिने वारंवार आजारी का पडते, या आयांच्या जुन्या अनुभवाचा उलगडा त्यातून झाला. म्हणून गोवराची लस एका आजारासाठी दिली जात असली तरी ती इतर अनेक आजारांपासूनही मुलाला राखते.

पंचाण्णव टक्क्यांचे गणित

गोवर थांबवण्यासाठी ९५ टक्के मुले सुरक्षित हवीत, असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा साध्या हिशेबातून येतो. एक रुग्ण पंधरा जणांना आजार देऊ शकतो असे धरू. त्या पंधरांपैकी ९० टक्के सुरक्षित असतील तर लागण होण्याजोगे उरतात दीड. म्हणजे एकाचे दीड, दीडाचे सव्वादोन, साथ वाढतच जाते. पण ९५ टक्के सुरक्षित असतील तर उरते पाऊण. एकाचे पाऊण, त्याचे अर्ध्याच्या आसपास, आणि साखळी आपोआप तुटते. नव्वद आणि पंचाण्णव यांतल्या पाच टक्क्यांत साथ वाढणे आणि विझणे इतका फरक आहे. परीक्षेत नव्वद टक्क्यांना पेढे वाटले जातात. गोवरापुढे ते नापास होणेच आहे.

आता दुसरा हिशेब. लस दिली म्हणजे प्रत्येक मूल सुरक्षित झाले असे होत नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि ती लसीतल्या सौम्य विषाणूलाही निष्प्रभ करू शकतात. त्यामुळे नवव्या महिन्यात दिलेला डोस सुमारे ८५ टक्के बाळांमध्ये काम करतो. वर्षापर्यंत थांबले तर हे प्रमाण वाढते, मग थांबत का नाहीत? कारण आपल्याकडे वर्षाच्या आतल्या बाळांनाही गोवर होतो आणि त्याच वयात तो सर्वाधिक घातक ठरतो. म्हणून पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, असे वेळापत्रक ठरले.

शंभर बाळे घ्या. नव्वदांना पहिला डोस मिळाला, तर सुरक्षित झाली जेमतेम ७६. उरली २४. पुढच्या वर्षी आणखी २४, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. चार वर्षांत जवळपास एका पूर्ण वर्षाची बाळे असुरक्षित राहून साचतात. गोवराची साथ दर काही वर्षांनी डोके वर काढते, तिचे कारण या साचण्यात आहे. आता शंभरांपैकी पंचाण्णवांना दोन्ही डोस मिळाले असे धरा. पहिल्याने सुमारे ८१ सुरक्षित झाली, राहिलेल्या चौदांपैकी तेरा दुसऱ्याने सुरक्षित झाली. बेरीज झाली ९४. दुसरा डोस हा पहिल्याची जादा खात्री नव्हे. पहिल्याने ज्यांना संरक्षण मिळाले नाही, त्यांची ती पहिलीच खरी संधी असते, आणि ती मुले कोणती हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. भारतात दुसरा डोस २०१० पासून आला. २०१७ मध्ये गोवर आणि रुबेला यांची एकत्रित लस आली. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत गोवा होते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी मोहीम झाली आणि शाळाशाळांत मुलांनी दंड पुढे केले.

रुबेला मुलांमध्ये सौम्य असतो. पण गर्भवतीला पहिल्या महिन्यांत झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातले दोष घेऊन जन्माला येऊ शकते. ही लस मुलग्यांनाही देतात, कारण विषाणू घरात कोणाबरोबरही येऊ शकतो.

सरासरीच्या आड

दहा वस्त्यांचा एक विभाग कल्पा. प्रत्येक वस्तीत शंभर मुले. नऊ वस्त्यांत ९८ टक्के लसीकरण झाले आहे, दहाव्या वस्तीत ६० टक्के. विभागाची सरासरी येते ९४ टक्के. आढावा बैठकीत हा आकडा समाधानकारक ठरतो. पण त्या दहाव्या वस्तीत चाळीस मुले उघड्यावर आहेत, आणि ती एकमेकांपासून दूर विखुरलेली नाहीत. ती एकाच गल्लीत खेळतात, एकाच नळावर भेटतात, एकाच खोलीत सात-आठ जणांत झोपतात. विषाणूला विभागाच्या सरासरीशी देणेघेणे नसते. तो शेजारच्या मुलाकडे जातो.

लस न मिळालेली मुले समाजात सारखी पसरलेली नसतात, ती पुंजक्यांनी असतात. ज्या कारणाने एक घर सुटते त्याच कारणाने शेजारचे दहा सुटतात. पत्ता नोंदलेला नाही, वस्ती अनधिकृत आहे, आई दिवसभर कामावर असते, भाषा वेगळी आहे, एखादी अफवा गल्लीभर फिरली आहे. गोवंडी ज्यात येते त्या, देवनारच्या कचराभूमीलगत पसरलेल्या मुंबईच्या एम-पूर्व विभागात यांतली बरीच कारणे एकत्र आली होती. त्यात दाटी होती, कुपोषण होते, येणारी-जाणारी कुटुंबे होती. त्यावर करोनाच्या दोन वर्षांची भर पडली. सत्रे बंद राहिली, कर्मचारी साथीच्या कामाला जुंपले गेले, आया दवाखान्यात जायला घाबरल्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे २७ लाख बाळांना पेंटाचा, म्हणजे पाच आजारांविरुद्धच्या एकत्रित लसीचा, एकही डोस मिळाला नव्हता. २०२२ मध्ये ही संख्या ११ लाखांवर आली, म्हणजे यंत्रणा वेगाने सावरली. पण मधल्या काळात सुटलेली बाळे आपोआप सुरक्षित होत नाहीत. ती मोठी होत राहतात आणि गोवर त्यांना गाठतो.

थंडावा जपत केलेला प्रवास

लस म्हणजे नाजूक जैविक पदार्थ. कारखान्यापासून बाळापर्यंत तो दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. राज्याच्या भांडारातून विभागाकडे, तिथून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआर या खास शीतकपाटात, आणि सत्राच्या सकाळी व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आइसपॅकच्या मधोमध. हा कॅरिअर घेऊन कोणी एसटीने जाते, कोणी दुचाकीच्या मागे बसून, पावसाळ्यात कोणी ओढा ओलांडून. प्रत्येक लसीला थंडी सारखीच सोसते असेही नाही. गोवराच्या लसीला उष्णता आणि उजेड मारक, तर पेंटा आणि कावीळ-ब यांच्या लसी गोठल्या की निकामी. म्हणून आइसपॅक थेट फ्रीजरमधून काढून कॅरिअरमध्ये ठेवत नाहीत. आतले पाणी थोडे सुटून हलवल्यावर आवाज येईपर्यंत थांबतात.

कुपीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. उष्णता जितकी लागेल तितका चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकायची. सत्रावर आईनेही तो चौकोन पाहायला मागितला तर आरोग्यसेविका आनंदाने दाखवील.

गोवराची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. सोबतच्या डायल्युएंटमध्ये, म्हणजे द्रावकात, ती विरघळवली की चार तासांच्या आत वापरायची, नंतर उरलेली टाकून द्यायची. विरघळलेल्या लसीत जंतू वाढू नयेत म्हणून हा नियम आहे आणि तो मोडल्याने बाळे दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. या नियमातूनच एक पेच उभा राहतो. एका कुपीत अनेक डोस असतात आणि सत्राला एकच बाळ आले आहे. कुपी फोडावी का? उत्तर स्पष्ट आहे, एका बाळासाठीही फोडावी. उरलेले डोस वाया गेले तरी चालतील. पण लस वाया जाऊ नये या सवयीने कधी कधी आईला पुढच्या सत्राला यायला सांगितले जाते आणि ती पुढच्या वेळी येत नाही. वाया गेलेली कुपी काही रुपयांची असते. परत गेलेले बाळ मात्र यादीत कायमचे अर्धवट राहू शकते.

यादी, आणि यादीत नसलेले

लसीकरणाचा खरा कणा सुईत नाही, यादीत आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा कार्यकर्ती, पाच हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे. आशाताई आपल्या भागातल्या गरोदर बायांची आणि बाळांची नोंद ठेवते, सत्राच्या आधी कोणत्या बाळाची कोणती लस बाकी आहे याची यादी काढते, घरी जाऊन निरोप देते. आरोग्यसेविका सत्र चालवते, अंगणवाडीसेविका मुले जमवते. टोचून झाल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तो झाल्यास काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचे. मग अर्धा तास थांबायचे. या चार वाक्यांना लागतात दोन मिनिटे. ती दोन मिनिटे दिली गेली तर आई पुढच्या डोसला परत येण्याची शक्यता वाढते.

गावातल्याच बाईच्या हाती गावाचे आरोग्य सोपवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावाने निवडलेल्या, बहुतेक शाळेत न गेलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बाया घरोघर गेल्या, बाळांची वजने घेतली, लसी मिळतील असे पाहिले आणि तिथल्या बालमृत्यूंत मोठी घट झाली. डॉक्टर गावात येतो आणि जातो, शेजारीण मात्र कायम तिथेच असते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या, त्यामागे अशा अनेक प्रयोगांचे शहाणपण होते. या कामाला अजून नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून आशांना पुन्हा पुन्हा संपावर जावे लागते. गोवर थांबवायचा असेल तर ज्यांच्या वहीत त्या बाळाचे नाव आहे त्यांना मानाने आणि वेळेवर पैसे देणे हा साथरोग नियंत्रणाचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

यादीत असलेल्या बाळापर्यंत पोहोचता येते. यादीतच नसलेल्याचे काय? बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मार्चमध्ये जन्मलेले बाळ डिसेंबरमध्ये नऊ महिन्यांचे होते. तेव्हा ते गावात नसते, कारखान्याच्या तळावर एखाद्या कोपीत असते. गावाच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि तळाजवळच्या केंद्राच्या यादीत त्याचे नावच नसते. वीटभट्टीवरची, बांधकामावरची, मेंढपाळांच्या वाड्यातली बाळे अशीच दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडतात. यावर उपाय आहे. कोणत्या टोळीत किती कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, आणि त्यांच्यासोबत किती लेकरे, हे मुकादमाला ठाऊक असते. कारखान्याने गाळप सुरू होताच ती माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दिली, केंद्राने तळावर संध्याकाळचे सत्र घेतले, की ही फट बुजते. लस देशात कुठेही घेता येते. कार्ड हरवले तरी घेता येते. मधे खंड पडला तरी सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिले तिथून पुढे जाता येते. ही तीन वाक्ये तळातळावर पोहोचायला हवीत.

काही आया लस टाळतात, तेव्हा त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते. पेंटा टोचल्यावर बाळाला ताप येतो, मांडी दुखते, ते रात्रभर रडते. सकाळी आईला कामाला जायचे असते, एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. तापाबद्दल आधी सांगितले नसेल, पॅरासिटामॉल दिले नसेल, तर ती पुढच्या वेळी का येईल? काही घरांत गोवर म्हणजे देवीचा फेरा अशी श्रद्धा अजून आहे. पुरळ आल्यावर औषध वर्ज्य, कडुलिंबाचा पाला आणि नमस्कार. त्या श्रद्धेची टर उडवून काही साधत नाही. पूजा हवी तर करा, पण बाळाला दवाखान्यातही न्या, हे त्याच गल्लीतली बाई सांगते तेव्हा ते ऐकले जाते. बाळाला सर्दी आहे, जुलाब झालेत म्हणून आज टोचायला नको, हा समज सुशिक्षित घरांतही आहे. किरकोळ आजारात लस देता येते. गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येते ही भीती १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या एका शोधनिबंधातून पसरली. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळला नाही.

साथ आल्यावर

ताप आणि पुरळ असलेले प्रत्येक मूल कळवले गेले पाहिजे, मग तो गोवर असो वा नसो, यावर पाळत यंत्रणा उभी असते. रक्त किंवा घशातल्या स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. पाळत चांगली आहे हे ओळखण्याची कसोटी लक्षात ठेवण्याजोगी आहे: दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन संशयित रुग्ण तपासून ‘गोवर किंवा रुबेला नाही’ असे ठरले पाहिजेत. म्हणजे यंत्रणा खरोखर शोधते आहे. ज्या तालुक्यातून वर्षभर एकही संशयित कळवला जात नाही तिथे गोवर नाही असे म्हणता येत नाही, तिथे कोणी पाहत नाही इतकेच म्हणता येते. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांचा यात मोठा वाटा आहे, कारण तापाचे मूल सर्वांत आधी त्यांच्याकडे जाते.

रुग्ण सापडला की काम वेगाने करावे लागते. घरोघर पाहणी, तापाच्या मुलांची नोंद, राहिलेल्यांचे लसीकरण. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या मुलाला ७२ तासांत लस मिळाली तर आजार टळू शकतो. आजारी मुलाला जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी दिले जातात. मृत्यू आणि अंधत्व टाळण्यात या स्वस्त औषधाचा मोठा वाटा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने कळवले की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळांचे प्रमाण एकूण रुग्णांत दहा टक्क्यांहून जास्त असेल तिथे सहा महिन्यांपासूनच्या बाळांनाही एक डोस द्यावा. हा जादा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरला जात नाही. ते दोन्ही पुढे द्यावेच लागतात.

आधी जिंकलेल्या दोन लढाया

हे काम होण्यासारखे आहे, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. देवीच्या शेवटच्या लढाईत सरसकट सगळ्यांना टोचण्यापेक्षा प्रत्येक रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या घरांना लस देण्यावर भर दिला गेला. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. पोलिओच्या मोहिमेत बूथवर डोस पाजून झाल्यावर पथके दारोदार गेली. दारावर खडूने खूण केली, बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावली आणि ज्या घरात बाळ सापडले नाही तिथे पुन्हा गेली. रेल्वे स्थानकांवर, एसटी थांब्यांवर, वीटभट्ट्यांवर बाळे शोधली गेली. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातल्या एका मुलीला पोलिओ झाला, तो देशातला अखेरचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. दोन्ही लढायांत निर्णायक क्षण तोच होता, जेव्हा किती टक्के झाले याऐवजी कोण राहिले असे विचारले जाऊ लागले.

२०२६ पर्यंत गोवर आणि रुबेला देशातून हटवण्याचे लक्ष्य सरकारने ठेवले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या एक ते दोन वर्षे वयाच्या बाळांपैकी मूलभूत लसी पूर्ण झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोठी आहे. पण उरलेला चौथा हिस्सा सर्वांत कठीण आहे, कारण तो फार करून याद्यांच्या बाहेर आहे. तो केवळ जाहिरातींनी भरून निघणार नाही. त्यासाठी पायी फिरणारी माणसे लागतील.

आपण काय करू शकतो? घरातल्या बाळाचे कार्ड आज उघडून पाहा. सोळा ते चोवीस महिन्यांच्या रकान्यात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस नोंदला आहे का? नसेल तर पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. पाच वर्षांच्या सुमारास घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताचा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस हेही बहुधा विसरले जाते. घरकाम करणाऱ्या ताईंच्या, इमारतीच्या पहारेकऱ्यांच्या, शेतावर उतरलेल्या टोळीच्या मुलांची चौकशी करा. डोसाच्या दिवशी आईला भरपगारी सुट्टी द्या. ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे लसीकरणाची टक्केवारी विचारू नका. कोणत्या वस्तीत, कोणत्या घरी, कोणती बाळे राहिली आहेत आणि त्यांच्याकडे कोण, कधी जाणार आहे, हे विचारा. ज्या गावाला याचे उत्तर नावानिशी देता येते, त्या गावात गोवर आला तरी एका घरापलीकडे जात नाही.